‘न वापरलेली स्टेपनी म्हणजे नवा टायर’ हे खरं नाही

साताऱ्याहून वर्षातून एक-दोनदा कोइमतूरच्या कारी या रेसिंग ट्रॅकवर गाडी न्यायची, तर वेगळे टायर कशाला? नक्षी शाबूत असलेल्या जुन्या स्टेपन्या जमवल्या की झालं, असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला धोक्याचा आहे.

रबर न धावताही म्हातारं होतं. ऊन, हवा आणि उष्णतेनं ते कडक होतं, पकड सुटते. नक्षी मात्र तशीच दिसते. म्हणून आधी टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या डीओटी (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर ट्रॅकसाठी घेऊच नका. बारीक तडा किंवा फुगवटा दिसला, तर वय कितीही असो, तो बाद.

उलट ३-४ मिलिमीटर नक्षी उरलेला ताजा टायर कोरड्या ट्रॅकवर अधिक चांगला. पूर्ण नक्षीच्या टायरवरचे रबराचे उंच ठोकळे वळणावर वाकतात, तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. पावसात मात्र कमी नक्षीचा टायर पाण्यावर तरंगू शकतो. गोटा टायर कधीच नको. चारही टायर एकाच मॉडेलचे हवेत.

रिम घेताना बहुतेक जण फक्त नटांची भोकं जुळवतात. स्विफ्टला ४×१०० लागतं, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोकं. पण मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं हवं, रिमचं त्याहून मोठं असेल तर हब रिंग, म्हणजे ती फट भरणारी कडी, बसवा, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, जुळवा आणि ब्रेक कॅलिपरपासूनचं अंतरही चाक हातानं फिरवून तपासा.

ट्रॅकवरच्या फेऱ्यांनंतर टायरमधल्या हवेचा दाब ४-६ पीएसआय वाढतो, म्हणून गरम टायरवरच मोजून हवा कमी करा. घरी परतण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर, ती पुन्हा भरा.