रिकाम्या फ्रेममधली मेड्युसा

तीन मिनिटांचं एक्सपोजर संपलं, फ्रेम लॅपटॉपवर उघडली आणि बघतो तर चांदण्या सोडून काहीच नाही. आधी वाटलं टेलिस्कोपच भलतीकडे वळलाय. पण मेड्युसा तिथेच होती, नॉइजखाली, म्हणजे फोटोतल्या दाणेदार खरखरीखाली गाडलेली.

मेड्युसा म्हणजे एबल 21, मिथुन राशीतली बिंबाभ्रिका, म्हणजे प्लॅनेटरी नेब्युला, चमकणाऱ्या गॅसचा ढग. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबलला ती 1955 मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या फोटो प्लेट्सवर सापडली. ग्रहांशी तिचा संबंध शून्य, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला अशा काही अभ्रिका युरेनससारख्या गोल दिसल्या आणि 'प्लॅनेटरी' नाव चिकटलं ते चिकटलंच. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचा गॅस सोडून देतो, मागे उरलेल्या गरमागरम गाभ्याच्या अल्ट्राव्हायोलेटने तो गॅस चमकतो आणि पसरत पसरत दहा-वीस हजार वर्षांत विरून जातो. मेड्युसा आता विरायलाच आलीये, त्यामुळे चंद्राच्या साधारण एक तृतीयांश रुंद असूनही इतकी फिकट.

आपल्या नशिबाने ही मंडळी ठरावीक रंगातच प्रकाश देतात. हायड्रोजनचा लाल 656.3 नॅनोमीटरला, ऑक्सिजनचा हिरवट-निळा 500.7 ला. हा हिरवा रंग 1864 मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सला दिसला तेव्हा कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवीनच मूलद्रव्य कल्पून टाकलं! 1927 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेनने उलगडा केला की हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे, फक्त हा प्रकाश सोडायला त्या अणूला अर्धा मिनिटभर तरी निवांतपणा लागतो आणि लॅबमधल्या गॅसच्या धक्काबुक्कीत तो मिळत नाही, अभ्रिकेत मिळतो कारण तिथे गॅस जवळपास नसल्यातच जमा. मग आपण अरुंद फिल्टर लावायचा, तेवढाच रंग आत, शहराचा उजेड बराचसा बाहेर. चंद्र असेल तर हायड्रोजन उरकून घ्यायचा, ऑक्सिजन मात्र अंधाऱ्या रात्रीच, तो चांदण्यात बुडतो.

पुढचं काम चिकाटीचं. शंभर फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून सरासरी काढली, की सिग्नल नॉइजच्या तुलनेत दहापट सुधारतो, पण त्याच्या दुप्पट हवा तर चारशे लागतात, वर्गमुळाचा हिशोब आहे, घासाघीस चालत नाही. शिवाय डार्क फ्रेम्स, म्हणजे झाकण लावून काढलेले काळे फोटो, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खुणा वजा करायला, आणि फ्लॅट्स, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, धुळीचे डाग आणि काळवंडलेले कोपरे घालवायला, त्या मी पहाटे नळीच्या तोंडावर पांढरा टीशर्ट ताणून काढतो. कॅमेरा जराही फिरवायचा नाही, नाहीतर कॅमेऱ्यापुढच्या भिंगांवरच्या धुळीचे मेदूवडे फोटोत तसेच राहतात.

स्टॅक उघडला तरी तो काळाच दिसतो, घाबरायचं नाही, स्ट्रेच करायचा, म्हणजे अंधुक भाग उजळत न्यायचा. त्याआधी गावाच्या दिव्यांचा तिरपा उजेड काढावा लागतो, सॉफ्टवेअरला रिकाम्या आकाशाचे नमुने देऊन. इथे मी शेण खाल्लं. मेड्युसाची एक बाजू लाल, चंद्रकोरीसारखी ठसठशीत, दुसरीकडे ऑक्सिजन इतका फिकट की मला ते रिकामं आकाश वाटलं आणि नमुन्याचे तीन-चार पॉइंट बरोब्बर त्याच्यावर ठेवले. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे तेवढी अभ्रिका पुसून टाकली, आणि मी आठवडाभर नॉइज रिडक्शनला शिव्या घालत बसलो. शेवटी नुसता ऑक्सिजनचा स्टॅक घेऊन उगाचच अती स्ट्रेच केला, चित्र पार भगभगीत झालं, पण त्यात कोरीचं तोंड मिटवणारी अंधुक कड दिसली. पॉइंट उचलून लांब कोपऱ्यात टाकले, परत पहिल्यापासून सगळं केलं, तेव्हा मेड्युसा पूर्ण गोल झाली.