तृतीयपंथी : पुण्यातील ओळख आणि समाज

जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव जुळत नाही, अशा व्यक्तींसाठी मराठीत रुळलेला शब्द. फारसा नेमका नाही. पंथ घेता येतो आणि सोडताही येतो, लिंगभावाचं तसं नाही. म्हणून कार्यकर्ते ‘पारलिंगी’ म्हणतात. गुरू-चेल्याच्या नात्यावर चालणारा हिजडा समुदाय हा त्यातला एक भाग. यल्लम्मा देवीला वाहिलेले, तिचा ‘जग’ म्हणजे मूर्तीची परडी डोक्यावर घेणारे जोगते वेगळे. पुणेकर सगळ्यांना एकाच रांगेत बसवतात. पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदवलेले पुरुष, त्या रांगेतही दिसत नाहीत, कारण ते ना टाळी वाजवतात ना सिग्नलला येतात.

मराठीत स्वतःबद्दल बोलताना क्रियापदच लिंग सांगून टाकतं: ‘मी आलो’ की ‘मी आले’? कोल्हापूरकडे बायकाही ‘आलो’ म्हणतात, पुण्यात ती मोकळीक नाही. मुलगा म्हणून वाढणारं चार वर्षांचं मूल ‘मी जेवले’ म्हणालं की घर हसतं. तेच पंधराव्या वर्षी म्हणालं की बाप पानावरून उठतो. दादा-वहिनी, मामा-मावशी अशी सगळी नाती मग अडखळायला लागतात, आणि पुष्कळदा घर सुटतं. पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांचं बालपण पुण्यातलं. घर सोडून त्या मुंबईला गेल्या.

बाजारात तृतीयपंथीयांना वागणूक दुहेरी. सकाळी बोहनीच्या वेळी दुकानदार दहाची नोट पुढे करतो, नजर मात्र वर करत नाही. समोरची त्यातून रुपया परत देते, तो ‘बरकत’ म्हणून गल्ल्यात जपून ठेवला जातो. नवजात बाळाला आशीर्वाद हवा, शाप नको. शेजार तर त्याहून नको. एप्रिल २०२४मध्ये पुणे पोलिसांनी सिग्नलवर आणि घरोघरी जाऊन पैसे मागण्याला मनाई करणारा आदेश काढला. मागणं बंद झालं तर पोट कशावर भरायचं, हा प्रश्न त्या आदेशाच्या कक्षेत येत नव्हता.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद झाली. माहिती घरातलंच कुणीतरी सांगतं, तेव्हा हा आकडा बेताने घ्यावा. त्याच वर्षी समलिंगी आणि पारलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा (प्राइड) निघाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळण्याची तरतूद केली. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२मध्ये तृतीयपंथीयांना कचरा करणाऱ्यांना दंड ठोकणाऱ्या ग्रीन मार्शल पथकात घेतलं, आणि २०२४च्या गणेशोत्सवात त्यांचं स्वतःचं ‘शिखंडी’ ढोल-ताशा पथक वाजलं.

भाड्याच्या घराचं गाडं तिथेच आहे. एजंट फोनवर ‘या की’ म्हणतो. प्रत्यक्ष भेट झाली की मालकांनी फक्त फॅमिलीला द्यायचं ठरवलेलं असतं.