मिथेनॉल

(मिथिल अल्कोहॉल, काष्ठ अल्कोहॉल). सर्वांत साधे अल्कोहॉल. रेणूत कार्बनचा एकच अणू असून त्याला तीन हायड्रोजन अणू व एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो. रंगहीन, ज्वलनशील द्रव. उकळबिंदू ६४.७° से. पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते.

लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून हा द्रव वेगळा काढण्याचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट बॉइल (१६६१) यांना देतात. त्याचे रासायनिक संघटन मात्र १८३४ च्या सुमारास झां-बातीस्त द्यूमा व यूजीन पेलिगो यांनी निश्चित केले. त्यांनीच ‘मेथिलीन’ हे नाव ग्रीक ‘मेथू’ (मद्य; संस्कृत ‘मधु’चा सगोत्र शब्द) व ‘हूली’ (लाकूड) यांपासून घडविले. या नावावर दोन आक्षेप आहेत. लाकूड या पदार्थाला ग्रीकमध्ये ‘झायलॉन’ हा शब्द अधिक रूढ होता, हा पहिला. ‘हूली’चा अर्थ रान, सरपण असाही होत असल्याने तो फारसा टिकत नाही. दुसरा पदांच्या क्रमाचा. समासात उत्तरपद प्रधान धरले तर हवे होते ‘काष्ठमद्य’ आणि झाले ‘मद्यकाष्ठ’. हा आक्षेप अधिक सबळ वाटतो. ‘हूली’ म्हणजे येथे ‘द्रव्य’ असेही काही जण मानतात. पण खुद्द नामकर्त्यांनी लाकूड हाच अर्थ दिलेला असल्याने तोच ग्राह्य धरावा. ‘मिथिल’ हे रूप ‘मेथिलीन’वरून मागाहून आले. ‘मिथेनॉल’ हे नाव १८९२ च्या जिनीव्हा परिषदेतील नामकरण-नियमांनुसार पडले.

लाकडापासूनचे उत्पादन आता इतिहासजमा झाले आहे. १९२३ पासून जर्मनीत जस्त व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांच्या उत्प्रेरकावर, अतिउच्च दाबाखाली, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांपासून ते बनू लागले. १९६० नंतरच्या दशकात तांब्याच्या उत्प्रेरकामुळे हवेच्या दाबाच्या ५० ते १०० पट इतका दाब पुरू लागला.

उपयोग : फॉर्माल्डिहाइड, ॲसिटिक अम्ल, बायोडीझेल, विद्रावक, इंधन.

पोटात गेल्यास यकृतात त्याचे फॉर्माल्डिहाइड व पुढे फॉर्मिक अम्ल होते. हे अम्ल दृष्टिचेतेला इजा करते. अंधत्व व मृत्यू ओढवतात. एथेनॉल (पिण्याच्या दारूतील अल्कोहॉल) किंवा फोमेपिझोल हे औषध दिल्यास हे रूपांतर रोखले जाते, कारण दोन्ही ते घडविणाऱ्या एंझाइमाला अडवून धरतात. वास व चव एथेनॉलसारखी असल्याने दारूतील मिथेनॉलची भेसळ ओळखू येत नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली.