सिनेमा बघून कॅमेरा शिकायची सवय आली कुठून

स्टुडंट प्रोजेक्टची शॉर्ट फिल्म ठरली रे ठरली की ग्रुपवर क्लिप्स पडायला लागतात, "हा शॉट बघ", "असाच घ्यायचा आपण". आमच्या वेळी तो शॉट होता डॉली झूम, म्हणजे कॅमेरा एका दिशेला सरकतो, झूम त्याच्या उलट जातो, माणूस फ्रेममध्ये तेवढाच राहतो आणि मागचं सगळं ताणलं तरी जातं नाहीतर अंगावर तरी येतं. अर्धा दिवस गेला त्यात, ट्रॉली ढकलणारा घामाघूम, झूम फिरवणारा वेगळ्याच स्पीडला, आणि संध्याकाळी फुटेज बघतो तर काय, माणूस उभा आहे आणि त्याच्यामागे भिंत आहे. दोन फुटांवर भिंत! मागे लांबवर काही असलं तर ते ताणलं जाईल ना.

तर हा शॉट 1958 च्या 'व्हर्टिगो'मधला. त्याचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याला उंचीवरून खाली बघताना येणारी चक्कर दाखवायची होती. पण खोल जिन्यावर कॅमेरा टांगायचा म्हणजे खर्च 50,000 डॉलरपर्यंत जाणार असं त्याला सांगितलं गेलं, मग त्याने जिन्याचं छोटं मॉडेल करून ते चक्क आडवं पाडलं आणि जमिनीवरूनच शॉट घेतला, काम 19,000 मध्ये झालं. प्रत्यक्षात तो शॉट जमवला सेकंड युनिटच्या, म्हणजे मुख्य टीमशिवाय वेगळे शॉट घेणाऱ्या टीमच्या, इर्मिन रॉबर्ट्सने, ज्याचं नाव टायटल्समध्येसुद्धा नाही. पुढे 1975 मध्ये 'जॉज'मध्ये किनाऱ्यावर बसलेल्या पोलीस चीफच्या चेहऱ्यावर तोच शॉट आला आणि तिथून पुढे तो सगळ्यांचाच झाला.

म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याने उचलणं काही नवं नाही. मला कुतूहल वेगळंच आहे, पॉज बटण नव्हतं तेव्हा लोक उचलायचे कसे? थिएटरमध्ये शॉट आला नि गेला, परत बघायचा तर परत तिकीट काढा आणि तो येईपर्यंत बसा. फाळक्यांनी तेच केलं. 1910 च्या सुमारास येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला आणि मग झपाटल्यासारखे रोज सिनेमेच बघत सुटले, इतके की डोळ्यांवर परिणाम झाला. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय शूट केलं, तर कुंडीतला वाटाणा! थोडीथोडी फिल्म रोज एक्स्पोज करत रोप उगवताना दाखवलं आणि त्याच्या जोरावर पैसे उभे केले. आजच्या भाषेत टाइमलॅप्स.

मॉस्कोत तर परिस्थिती आणखी मजेशीर. 1919 मध्ये तिथे फिल्म स्कूल सुरू झालं पण यादवी युद्धामुळे कच्ची फिल्मच मिळेना, मग तिथे शिकवणारा दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह विद्यार्थ्यांकडून फिल्म न घालताच सिनेमे बसवून घ्यायचा, आणि हाताशी असलेल्या जुन्या फिल्म्स कापून, तुकडे उलटसुलट जोडून बघायचा. त्यातूनच तो प्रसिद्ध प्रयोग, नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सूपने भरलेल्या बशीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, आणि बघणाऱ्यांना वाटलं काय सुंदर अभिनय केलाय, भूक काय, दुःख काय! फिल्म हातात धरून, फ्रेम मोजून शिकणं म्हणतात ते हेच. पण ते ज्यांच्याकडे प्रिंट होती त्यांनाच परवडायचं.

ऑर्सन वेल्सला ते परवडलं. 'सिटिझन केन' करायच्या आधी त्याला सिनेमाचा अनुभव जवळजवळ शून्य, तो नाटक आणि रेडिओवाला माणूस. त्याने काय केलं, जॉन फोर्डचा 1939 चा 'स्टेजकोच' घेतला आणि परत परत लावला, स्वतःच सांगायचा की 40 वेळा तरी बघितला असेल, तेही स्टुडिओतल्या टेक्निशियनला शेजारी बसवून, हे असं का केलं, ते तसं का केलं विचारत. चाळीस सिनेमे एकदा बघणं वेगळं आणि एक सिनेमा चाळीसदा बघणं वेगळं. 1941 च्या 'केन'मध्ये कॅमेरामन ग्रेग टोलंडसोबत त्याने जमीन फोडून कॅमेरा खाली घातला, सेटला कापडाची छतं लावली म्हणजे खालून वर बघणाऱ्या लो अँगलला वरचे लाइट दिसायला नकोत. तेव्हा तो 25 वर्षांचा होता, हे आठवलं की जरा त्रासच होतो.

पॅरिसमध्ये 1936 साली हेन्री लांग्लोआ आणि जॉर्ज फ्रांजू यांनी सिनेमाथेक, म्हणजे जुन्या फिल्म्स जपून दाखवणारी संस्था, सुरू केलं, तिथे जुने सिनेमे बघून बघून एक अख्खी पिढी दिग्दर्शक झाली. त्यातल्याच गोदारच्या 1960 च्या पहिल्या फीचरमध्ये ट्रॅक-ट्रॉलीच्या ऐवजी कॅमेरामन राउल कुतार व्हीलचेअरवर बसलाय आणि त्याला ढकलतायत. त्याच्याही आधी 1924 मध्ये जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या सिनेमात कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड कॅमेरा घेऊन सायकलवर बसला होता. तेव्हा आपल्याकडे ट्रॉली नाही म्हणून रडू नका.

मग आली व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेट, 1976 ला. खरा फरक तिथे पडला असं मला वाटतं, कारण थांबव, मागे घे, परत बघ हे आता घरात बसून करता यायला लागलं. 1984 मध्ये 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या डिस्कवर, सिनेमा चालू असताना वर तज्ज्ञाचं बोलणं ऐकू येईल असा वेगळा ट्रॅक आला, तिथून कॉमेंट्रीचा प्रकार सुरू झाला, पुढे डीव्हीडीवर तो पोत्याने मिळायला लागला, आणि यूट्यूबनंतर तर विचारूच नका, कुठल्याही शॉटची चिरफाड करणारा व्हिडिओ पाच मिनिटांत सापडतो.

एवढ्या चिरफाडीत दिग्दर्शक सोडरबर्गचा प्रकार मला सगळ्यात पटतो. 2014 मध्ये त्याने इंडियाना जोन्सचा पहिला सिनेमा आख्खा ब्लॅक अँड व्हाइट करून, मूळ संवाद आणि म्युझिक काढून वेबसाइटवर ठेवला, का तर फक्त स्टेजिंग बघा, कोण कुठे उभंय, कॅमेरा कुठून कुठे जातो. आम्ही एका सिनेमातल्या जेवणाच्या टेबलावरच्या भांडणावर हे करून बघितलं, आवाज बंद, रंग बंद, हातात कागद-पेन. आवाजासकट बघताना वाटायचं कॅमेरा सारखा हलतोय. मोजलं तर एकदाच हलतो, तोही इंचभर, आई खुर्ची मागे ढकलते तेव्हा. बाकी सगळी धावपळ एडिटिंगची.

डॉली झूम नंतर लांबलचक कॉरिडॉरमध्ये परत घेतला, या वेळी जमला, सगळे खूश. फायनल कटला मात्र काढून टाकला, कारण त्या सीनमध्ये आमचा हीरो फक्त बसची वाट बघत होता.