स्वयंशिक्षित चित्रकार आणि आउटसायडर: फरक कुठे पाहायचा

आउटसायडर म्हणजे कलाजगताच्या बाहेर राहून काम करणारा चित्रकार. कलाशाळेची पायरी न चढलेला प्रत्येक चित्रकार आउटसायडर, असं सर्रास धरलं जातं. पण कलेचं शिक्षण स्वयंशिक्षित चित्रकार आणि आउटसायडर या दोघांकडेही नसतं, त्यामुळे ती खूण इथे कामाची नाही. चित्रकाराची नजर कुठे लागली होती, ते पाहायला हवं.

स्वयंशिक्षित चित्रकार आंरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला होता. १८८४ मध्ये त्याने लूव्ह्रमध्ये चित्रांच्या नकला करण्याचा परवाना काढला आणि १८८६ पासून स्वतंत्र चित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनात तो जवळजवळ दरवर्षी चित्रं लावत राहिला. जेरोमसारखे अकादमीतले चित्रकार त्याचे आदर्श होते. त्याच्या जंगलाच्या चित्रांत पानाची प्रत्येक कड घोटून काढलेली दिसते, यथार्थदर्शन (चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याची पद्धत) मात्र बिघडलेलं असतं. बिघडलं, कारण ते साधायचा त्याचा प्रयत्न होता. १९०८ मध्ये पिकासोने त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली.

उलट, आउटसायडर आडोल्फ व्योल्फ्ली १८९५ पासून मृत्यूपर्यंत स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळच्या वाल्डाउ मनोरुग्णालयात होता. त्याला दर सोमवारी एक पेन्सिल आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाचे दोन मोठे ताव मिळत. पेन्सिल दोनेक दिवसांत संपे, मग तो मिळतील त्या तुकड्यांवर भागवी. चौकटीत चौकट, मध्ये चेहरे, स्वरलिपी, मजकूर. तावावर बोटभर जागा मोकळी नाही. इथे यथार्थदर्शन चुकलेलं नाही, त्याची गरजच नव्हती. सुट्या कागदांवरची चित्रं तो भेटायला येणाऱ्यांना विकायचाही. म्हणजे ‘आउटसायडरला प्रेक्षक नकोच असतो’ हेही खरं नाही. फक्त कलादालन त्याच्या हिशेबात नव्हतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘संस्कृतीचा स्पर्श न झालेली कला’ या कल्पनेने होतो. शिकागोचा हेन्री डार्गर मासिकांतल्या नि कॉमिक्समधल्या मुली कार्बन कागदाने उतरवायचा आणि आकार लहान पडला तर फोटोच्या दुकानातून मोठा करून आणायचा. छापील संस्कृती त्याच्या चित्रांत ठासून भरली आहे, तरी तो निर्विवाद आउटसायडर आहे. आजारपण हाही निकष नव्हे. मानसिक आजार असलेले प्रशिक्षित चित्रकार कितीतरी आहेत.

१९४५ मध्ये ‘आर ब्रूत’ (म्हणजे ‘कच्ची कला’, आउटसायडर कलेसाठीची फ्रेंच संज्ञा) ही संज्ञा रूढ करणारा फ्रेंच चित्रकार ज्याँ द्युब्युफे स्वतः काही महिने पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँमध्ये शिकला होता. गास्तों शेसाक या चित्रकाराला त्याने आधी आपल्या आर ब्रूतच्या संग्रहात घेतलं. पण शेसाकची आधुनिक चित्रकारांशी ओळख होती, म्हणून पुढे त्याची चित्रं बाजूच्या संग्रहात हलवली. चित्रं तीच होती. म्हणून संग्रहालयातली पाटी वाचताना ती कोणी आणि कधी लावली, तेही तपासावं.