बातमीतला इस्लाम आणि प्रक्षेपकाचा मालक

इस्लामची बातमी लंडन-न्यूयॉर्कमध्ये एक आणि कैरो-रियाधमध्ये दुसरीच, ही तक्रार दोन्ही बाजूंनी होते. कारण म्हणून धर्म पुढे केला जातो. इतिहास चाळला की धर्माआधी दिसतो तो प्रक्षेपकाचा मालक, म्हणजे रेडिओ-टीव्ही केंद्र ज्याच्या हातात तो.

मुसोलिनीच्या इटलीने १९३४ मध्ये बारी शहरातून अरबी प्रसारण सुरू केलं. त्याला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीची अरबी सेवा आली. इंग्रजीखेरीज परकी भाषेतली तिची ही पहिलीच सेवा. म्हणजे अरबांना अरबीतून बातम्या देण्याची ही चढाओढ युरोपातल्या दोन सत्तांची होती. अरबांचा स्वतःचा मोठा आवाज १९५३ मध्ये कैरोहून उमटला, ‘सौत अल-अरब’ (अरबांचा आवाज). इजिप्तचे नेते नासेर यांचं हे रेडिओ केंद्र धर्मापेक्षा अरब राष्ट्रवाद बोलायचं, आणि समोरची पाश्चात्त्य वृत्तपत्रंही तेव्हा ‘अरब’ म्हणूनच लिहीत. जून १९६७ मध्ये इस्रायलशी झालेल्या युद्धात इजिप्तचं हवाई दल धावपट्टीवरच खाक झालं असताना हे केंद्र विजयाच्या बातम्या देत राहिलं. ती विश्वासार्हता पुन्हा आली नाही.

पश्चिमेत ‘इस्लाम’ हाच मथळा झाला तो इराणमुळे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला गेला. चारच दिवसांनी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने रात्री खास कार्यक्रम सुरू केला. नावातच ‘अमेरिका ओलीस’ असं होतं. ५२ जणांची कैद ४४४ दिवस चालली आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेले ओलीस, मुठी उगारलेला जमाव ही दृश्यं घराघरांत ठसली. सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार उलथवलं होतं, हा संदर्भ त्या गदारोळात मागे पडला. इराणी बाजूला मात्र तोच मुख्य होता: दूतावास म्हणजे हेरांचा अड्डा, क्रांतीत हटवलेल्या राजाला, शहाला, परत आणण्याचा कट तिथेच शिजणार. घटना एक, कुणी गोष्ट १९७९ पासून सांगायला घेतली, कुणी १९५३ पासून. बीबीसीच्या फारसी सेवेचं तर अजबच. १९७८ मध्ये ती क्रांतीचे नेते खोमेनी यांना मदत करते म्हणून शहाचं सरकार चिडलं होतं. २००९ मध्ये खोमेनींच्या वारसांच्या इराणातच तिच्या वाहिनीच्या उपग्रह प्रक्षेपणात अडथळे आणले गेले.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेव्हा शेजारच्या सौदी माध्यमांनी पहिले काही दिवस ती बातमीच दिली नाही. युद्ध पेटल्यावर बगदादचं आकाश जगाने पाहिलं ते सीएनएनवर. इथून उपग्रह वाहिन्यांची भूक वाढली. १९९४ मध्ये सौदी भांडवलावरच्या ‘ऑर्बिट’ या उपग्रह टीव्ही कंपनीसाठी बीबीसीने अरबी टीव्ही सुरू केला. पण सौदीतल्या मृत्युदंडाविषयीचा कार्यक्रम मालकांना झोंबला आणि एप्रिल १९९६ मध्ये वाहिनी बंद पडली. तिथले अनेक पत्रकार कतारची राजधानी दोहाला गेले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी तिथे सुरू झालेली ‘अल जझीरा’ वाहिनी घडली ती या माणसांच्या जोरावर. अरब राज्यकर्त्यांना तिने जाहीर प्रश्न विचारले, इस्रायली पाहुणे बोलावले; कतारच्या अमिराबाबत मात्र हात आखडता. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकी वार्ताहर सैन्याच्या तुकड्यांसोबत पुढे सरकत होते आणि ‘अल जझीरा’चे कॅमेरे बगदादच्या रुग्णालयांत होते. प्रेक्षकांना दोन वेगळी युद्धं दिसणारच. तिचा राग पश्चिमेलाच आला असंही नाही. २०१७ मध्ये सौदी आणि मित्रदेशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा त्यांच्या १३ मागण्यांत ही वाहिनी बंद करा हीसुद्धा होती.

डॅनिश व्यंगचित्रांच्या वादातही सीमारेषा समजतो तितक्या सरळ नव्हत्या. डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टेन’ दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी प्रेषित मुहम्मदांवरची ती १२ चित्रं छापली. पुढच्याच महिन्यात, रमझानमध्ये, कैरोच्या ‘अल-फज्र’ वृत्तपत्राने त्यांतली काही निषेधासाठी छापली आणि कुठे काही पेटलं नाही. सरकारं आणि धर्मगुरू उतरल्यावर, फेब्रुवारी २००६ मध्ये, दमास्कस आणि बैरूतमधल्या डॅनिश कचेऱ्या जळाल्या. बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकी दैनिकांनी चित्रं छापलीच नाहीत. जॉर्डनच्या ‘शिहान’ साप्ताहिकाने तीन छापली. संपादकाची नोकरी गेली आणि अटकही झाली.

अलीकडे तर पारडंच फिरलं. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइघुर मुस्लिमांना डांबलेल्या छावण्यांवर सर्वाधिक शोधपत्रकारिता पाश्चात्त्य माध्यमांनी केली. जुलै २०१९ मध्ये २२ देशांनी, त्यांत बहुतेक पाश्चात्त्य, संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून चीनवर टीका केली. लगोलग चीनच्या बाजूने ३७ देशांचं पत्र आलं. त्यावर सौदी अरेबिया, पाकिस्तान, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती यांची नावं होती. कतारचंही होतं, ते त्याने नंतर काढून घेतलं.