टॅबवर टाइप करायचं का कीबोर्ड घ्यायचा? घ्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार जी. दुकानात टॅब घ्यायला येणारे बहुतेक जण हेच विचारतात, की भाऊ याच्यावरच टायपिंग होऊन जाईल ना, वेगळा कीबोर्ड काऊन घ्यायचा. तुमचं काम काय आहे त्यावर हे ठरतं, म्हणून इथं सविस्तर लिहून ठेवलं.

वावरात उभं राहून ई-पीक पाहणी भरायची, फोटो टाकायचा, नाव आणि गट नंबर लिहायचा, व्हॉट्सॅपवर दोन ओळी पाठवायच्या, तर काचेवरचा कीबोर्ड भरपूर झाला, उगाच खर्च करू नका. मराठीत बोलून लिहायची सोय पण चांगली चालते, फक्त पाठवायच्या आधी आकडे आणि आडनावं एकदा वाचून घ्या.

पण ग्रामसभेचं इतिवृत्त, बचत गटाचा अहवाल, पानभर अर्ज असं लिहायचं असेल तर काचेवर हाल होतात. कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, बोट तिथं टेकलं की हात कुठं आहे ते न बघता कळतं, आणि बोटं टेकवून ठेवली तरी दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. काचेवर टेकलं की उमटलंच, म्हणून बोटं अधांतरी धरा, नजर सारखी खाली, मान दुखते, आणि अर्धा स्क्रीन कीबोर्डच खाऊन टाकतो त्यामुळं वर काय लिहिलं ते दिसत नाही. मे महिन्यात बोटाला घाम असला की टच भलतीकडंच लागतो, कारण हा स्क्रीन बोटाच्या विजेच्या गुणावर चालतो आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटू शकतो.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट शिका, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी (लेआउट), आमचं स्पष्ट मत आहे. डाव्या हाताला स्वर-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के दाबलं की क, जे दाबलं की र, आणि डी म्हणजे पाय मोडायचा, म्हणजे प्र लिहायला एच, डी, जे. हात बसला की जोडाक्षराला थांबावं लागत नाही.

जे पोट्टे-पोट्ट्या लिपिक भरतीची तयारी करून राहिले त्यांना कळकळीनं सांगतो, टॅबच्या काचेवर सराव करू नका. मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं सर्टिफिकेट लागतं, त्याची जीसीसी-टीबीसी ही सरकारी टायपिंग परीक्षा कॉम्प्युटरवर, खऱ्या कीबोर्डवर होते. क्लासमध्ये रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) शिकवत असतील तर घरी पण तोच लेआउट ठेवा, दोन्ही एकदम शिकाल तर बोटं गोंधळतात.

महागडाच कीबोर्ड पाहिजे असं नाही. साधा वायरवाला ओटीजी पिन (टॅबला यूएसबीची वस्तू जोडायची छोटी पिन) लावून बहुतेक टॅबला चालतो आणि त्याला सेल लागत नाही, ब्लूटूथवाल्याला चार्जिंग किंवा सेल लागतो. फक्त काही टॅब ओटीजी घेत नाहीत, म्हणून येताना टॅब सोबत आणा, लावून पाहा, मराठी लेआउट आम्ही सेट करून देतो, चाललं तरच घ्या.